खूण वस्तूवर हवी, माणसावर नव्हे

रेडिओलहरींच्या साहाय्याने ओळख पटविणारे तंत्र आता रुग्णालयांत रुळू लागले आहे. साध्या चकतीत बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या लहरींतूनच शक्ती घेऊन ती आपला क्रमांक कळविते. रक्ताच्या पिशवीवर ती असली तर भलत्याच रुग्णाला रक्त चढविण्याची चूक टाळण्यास मदत होते. गॉजला असली तर पोटात राहिलेला बोळा टाके घालण्यापूर्वीच सापडू शकतो. अशा उपयोगाला विरोध करणे अडाणीपणाचे ठरेल. प्रश्न आहे तो खूण कशावर, कोणाच्या हितासाठी आणि कोणाच्या संमतीने लावायची, हा.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. 'व्हेरिचिप' ही तांदळाच्या दाण्याएवढी चिप माणसाच्या त्वचेखाली बसविण्यास तेथील अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली मान्यता दिली. हे प्रशासन ज्या खात्याखाली येते त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री टॉमी थॉम्पसन २००५ मध्ये पायउतार झाले आणि त्याच वर्षी चिप बनविणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. २००६ साली सिनसिनाटीतील एका कंपनीने आपल्या काही कर्मचाऱ्यांच्या दंडात ही चिप बसविली. २००७ साली फ्लॉरिडात स्मृतिभ्रंशाच्या सुमारे २०० रुग्णांना ती टोचण्याची योजना निघाली. ज्यांची स्मृतीच हरपली आहे त्यांची संमती कोणती? त्याच वर्षी उंदरांवरील जुन्या प्रयोगांत चिपभोवती गाठी आढळल्याचे उघडकीस आले. अखेर २०१० मध्ये विक्री थांबली. मात्र सक्तीने चिप बसविण्यास बंदी घालणारा कायदा विस्कॉन्सिन राज्याने २००६ मध्येच केला होता.

वस्तूंवरील खुणाही सर्वस्वी निर्धोक नाहीत. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी ४१ वैद्यकीय उपकरणांवर १२३ चाचण्या घेतल्या. त्यांत ३४ वेळा या लहरींनी उपकरणांच्या कामात व्यत्यय आणला आणि त्यांपैकी २२ प्रसंग धोकादायक होते. कृत्रिम श्वसनयंत्र बंद पडण्यापर्यंत मजल गेली. सुदैवाने चाचणीच्या वेळी त्या यंत्रांना रुग्ण जोडलेले नव्हते. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

हीच चकती परिचारिकेच्या ओळखपत्रात बसते, तेव्हा ती कोठे किती वेळ थांबली याची नोंद होते. घाबरलेल्या रुग्णाजवळ घटकाभर बसणे ही शुश्रूषा आहे. व्यवस्थापनाच्या तक्त्यात मात्र तोच वेळ 'वाया' ठरू शकतो. मनुष्यबळाची तूट पाळत ठेवून भरून निघत नाही, ती भरतीनेच निघते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. तो रुग्णालयाच्या दाराशी संपत नाही. म्हणून कामगार संघटनांनी व आरोग्य चळवळीने आतापासूनच आग्रह धरावा: रुग्णाची लेखी संमती हवी, नकार दिला म्हणून उपचार अडता कामा नयेत, कर्मचाऱ्यांच्या हालचालींची नोंद शिक्षेसाठी वापरू नये आणि अतिदक्षता विभागात पूर्वचाचणीशिवाय ही यंत्रे बसवू नयेत. रक्ताची पिशवी हरवू नये म्हणून तिच्यावर खूण अवश्य करावी. पण त्या खुणेच्या जाळ्यात माणूस हरवू देऊ नये.