‘जसे होते तसे’ म्हणजे कधीचे?

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. हळहळ कोल्हापुरापुरती राहिली नाही. आम्हां वऱ्हाडकरांपर्यंत, पार वडनेर भोलजीपर्यंत ती पोचली, आणि ती खरी होती. आमचा वाद आहे तो तिच्यातून निघालेल्या मागणीशी. नाट्यगृह ‘जसे होते तसे’ उभारा, असे सर्वांनी एकमुखाने म्हटले. कधी होते तसे?

१९१५ साली शाहू महाराजांनी ते उभारले तेव्हा ते ‘पॅलेस थिएटर’ होते. १९५७ मध्ये राजवाड्याचे नाव जाऊन तेथे एका नटाचे नाव आले. शताब्दीच्या सुमारास त्याचे नूतनीकरण झाले. म्हणजे २०२४ मध्ये जळाले तेही मूळचे जसेच्या तसे नव्हतेच. या साऱ्या बदलांत आम्हांला सर्वांत मोठा वाटतो तो नावाचा, आणि त्याला विटांचा खर्च आला नव्हता.

हा नट कोण? लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झालेला आणि १९०८ साली, विशीही न गाठता, हुबळीस ‘ललितकलादर्श’ काढणारा. वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ याच मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणले. आमच्या वर्गांत ते ‘हुंड्यावरील सामाजिक नाटक’ या एका ओळीत संपते. तिकीटविक्रीवर पोट असलेल्या कंपनीने हुंडा घेणाऱ्या प्रेक्षकांपुढेच हा विषय मांडला, हे जोखमीचे अंग कोणत्या प्रश्नपत्रिकेत येते? १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसह झालेला संयुक्त ‘मानापमान’ मात्र आख्यायिका म्हणून सर्वांना पाठ आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

नाट्यगृहाला लागूनच खासबागचे कुस्तीचे मैदान आहे. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले, त्यावरून हे मैदान सुचले असे सांगतात. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते शेजार. तांबडी माती आणि नाट्यपदे यांचा प्रेक्षक एकच असू शकतो, असे या राजाने गृहीत धरले होते. मराठी समीक्षेने ते कधी धरले नाही. (कुस्तीचा उल्लेख आला की आमचे समीक्षक आजही किंचित अवघडतात.)

आमच्याच विदर्भाच्या पूर्वेकडे झाडीपट्टी पाहा. धान निघाले की गावोगावी शंकरपटाच्या निमित्ताने मांडव पडतात आणि रात्रभर नाटक चालते. तेथे दगडी वास्तू नाही, ‘वारसा’ हा शब्दही नाही, प्रेक्षक आहेत. यावरून कोल्हापुरात काही बांधू नका, असा अर्थ कोणी काढू नये. अवश्य बांधावे, कमानी आणि नक्षीही जपावी. परंतु हौशी संस्थेला भाडे किती पडणार, तालमीला जागा कोठे, शनिवार-रविवारच्या तारखा कोणाच्या, हे प्रश्न नक्षीच्या आधीचे आहेत. ते कंत्राटदाराने विचारावेत अशी अपेक्षा नाही. नाटक शिकवून वेतन घेणाऱ्या मराठी विभागांनी ते लेखी विचारावेत, आणि वर्षातून एकदा तरी आपला वर्ग तिकीट काढून तेथे नेऊन बसवावा.