महाविद्यालयात प्रवेश मिळाला. समाजाची जबाबदारी संपली काय?

दहावीचा निकाल लागला की वस्त्यावस्त्यांतून गुणवंतांचे सत्कार होतात. बाबासाहेबांची प्रतिमा आणि पुष्पगुच्छ दिला जातो, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि टाळ्यांच्या गजरात कार्यक्रम संपतो. या सत्कारांना आमचा विरोध नाही. परंतु सत्कार झालेल्यांपैकी किती मुले-मुली पुढे बारावी होतात आणि किती पदवीपर्यंत पोहोचतात, याचा हिशेब किती मंडळांकडे आहे?

शाळा ही ओळखीच्या माणसांची जागा असते. गुरुजींना घर माहीत असते, चार दिवस मूल दिसले नाही तर निरोप येतो. महाविद्यालयात विद्यार्थी म्हणजे एक अर्ज क्रमांक. सूचना फलकावर लागते, ती ज्याची त्याने वाचायची. मुदत गेली की गेली. काल मराठीत शिकलेला विषय आज इंग्रजीत समोर येतो आणि समजले नाही असे शंभर मुलांपुढे उभे राहून सांगण्याचे धाडस होत नाही. पांढरपेशा घरातील मुलाला हे सारे आधीच ठाऊक असते, कारण त्याचे वडील, काका, मोठी बहीण त्याच वाटेने गेलेली असतात. आपल्या अनेक घरांतील मूल मात्र त्या दारातून पहिल्यांदाच आत जात असते. ते गळते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर वाट सांगणारे कोणी नसते म्हणून.

१९०७ साली मॅट्रिक झालेले बाबासाहेब पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीने त्यांच्या पुढील शिक्षणाची वाट मोकळी केली. पण त्याच कॉलेजातील हॉटेलवाला त्यांना पाणीसुद्धा देत नसे. शिष्यवृत्तीची किंमत आणि अपमानाची धग, दोन्ही त्यांनी सोसून जाणली होती. म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधीची मागणी लावून धरली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उघडले. तेव्हा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कोणी खाली मान घालू नये. ही खैरात नव्हे, बाबासाहेबांनी भांडून मिळवलेला हक्क आहे.

पण हक्क कागदावाचून मिळत नाही, हे कायद्याच्या व्यवसायात आम्ही रोज पाहतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. तरीही शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' एवढेच लिहिलेले असेल, तर मूळ जात सिद्ध करण्यासाठी धावपळ होते. वडिलांचा व आजोबांचा शाळेचा दाखला, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातील नक्कल आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, हे आजच गोळा करून ठेवा. नाव किंवा जातीची चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर ते काम फार अवघड होते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला जायचे असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीला असतानाच करा. निकालानंतर समितीच्या दारात रांग लावली आणि हातची जागा गेली, तर दाद मागायला फार वेळ उरत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला म्हणजे काम झाले असेही नाही. तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडून पुढे जावा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते आणि दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. अर्ज कोणाच्या टेबलावर अडला आहे, हे विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. फीसाठी कोणी अडवणूक केली तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जा.

याहून अवघड गोष्ट म्हणजे टोमणा. 'कोट्यातून आलास का?' हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात कानी पडतो. हैदराबादेत रोहित वेमुला आपल्याला २०१६ मध्ये सोडून गेला, मुंबईत डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने जातिभेद रोखण्यासाठी २०१२ मध्येच नियम केले होते. तरी ते अमलात यावेत म्हणून या दोघांच्या मातांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. आमच्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे की महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखाला बंधनकारक आहे आणि त्याने दुर्लक्ष केले तर तोही दोषी धरला जातो. जातिवाचक अपमानासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा. एकट्याने सोसू नका, घरी सांगा.

आणि घरच्यांनी, मंडळांनी काय करावे? जयंतीची वर्गणी गोळा करणारे हात जूनमध्ये कुठे जातात, हा आमचा सवाल आहे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात कितीतरी मुलांची पुस्तके येतात. प्रत्येक विहारात निकालाच्या आठवड्यात एक टेबल मांडावे. वस्तीतील एक पदवीधर, एक शिक्षक आणि एक वकील तिथे बसावा; अर्ज भरून द्यावेत, कागद तपासावेत. मुलींसाठी वसतिगृहाचा आणि स्वाधार योजनेचा अर्ज आधी भरावा, कारण घरापासून कॉलेज लांब पडले की पहिली गळती मुलीची होते. नोकरीत स्थिरावलेल्यांनी एकेका मुलाचे पालकत्व घ्यावे आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी विचारपूस करावी. रविवारी विहारात इंग्रजीचा एक तास घेतला तरी पुष्कळ होईल.

सत्कार अवश्य करा. पण पुढच्या वर्षी त्याच व्यासपीठावरून, गेल्या वर्षी सत्कार झालेली मुले आज कोणत्या वर्गात आहेत, याची यादी वाचून दाखवा. ज्या मंडळाला ही यादी वाचता येईल, त्यालाच बाबासाहेबांचे नाव घेण्याचा अधिकार आहे.

जयभीम!