उपचार मुलांवर, प्रश्न मात्र पालकांना

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत हे दृश्य रोज दिसते. टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे बाकड्यावर आई-वडील आणि त्यांच्या मध्ये दहावी-अकरावीतली मुलगी. ‘झोप लागते का?’ या प्रश्नाला उत्तर आई देते. ‘जेवण?’ ते वडील सांगतात. ‘अभ्यास?’ म्हटले की दोघेही एकदम बोलू लागतात. मुलगी ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत खाली पाहत असते. सहा-सात मिनिटांत केसपेपरवर दोन औषधे लिहून होतात, ‘पंधरा दिवसांनी या’ असे सांगितले जाते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. तेवढ्या वेळात मुलीच्या तोंडून एकही पूर्ण वाक्य निघालेले नसते. पंधरा दिवसांनी हे कुटुंब परत आलेच, तर अनेकदा पाकिटात अर्ध्याहून अधिक गोळ्या शिल्लक असतात. मग ‘औषध नीट देत नाही तुम्ही’ असा ठपका आईवर येतो.

ही केवळ सौजन्याची बाब असती तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे निम्मे वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, हे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीतून २००५ मध्ये पुढे आले. आपल्याकडे बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा आहे. म्हणजे उपचारांची सर्वाधिक गरज ज्या वयात सुरू होते, त्याच वयात रुग्णाला उपचारांच्या बोलण्यातून वगळण्याची आपली पद्धत आहे.

औषध टाकून देण्यामागे बहुतेक वेळा हट्ट नसतो, हिशेब असतो. नैराश्यावरील गोळ्यांचा उपयोग जाणवू लागायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होऊ शकतात. हे कोणी समजावून सांगितले नसेल, तर सोळा वर्षांच्या मुलीने ‘या गोळीने मला बरे नाही, उलट जास्तच वाईट वाटते’ असा निष्कर्ष काढणे अगदी तर्कशुद्ध आहे. काही औषधांनी वजन वाढते, काहींनी पाळी अनियमित होते. मोठ्यांना किरकोळ वाटणारे हे दुष्परिणाम शाळेत बाकावर शेजारी बसणाऱ्यांच्या नजरेत किरकोळ नसतात. बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे लागते. ती गोळी इतके दिवस गिळायची की नाही, हे शेवटी मूलच ठरवते. आपण त्याला विचारले नाही, एवढ्याने ते ठरवायचे थांबत नाही.

याहून गंभीर आहे तो लपवाछपवीचा प्रकार. ‘रक्तवाढीची आहे’, ‘बुद्धी तल्लख होते’ असे सांगून मुलांना मानसोपचाराच्या गोळ्या दिल्या जातात. गोळीचे वेष्टन आधीच काढून टाकलेले असते. काही घरांत ती कुटून चहात किंवा वरणात मिसळली जाते. हे पालक दुष्ट नसतात. मुलगा आरडाओरडा करतो, रात्र-रात्र झोपत नाही, शेजारीपाजारी बोलू लागले आहेत, डॉक्टरांकडे यायला तो तयार नाही आणि घरात कमावणारा एकच आहे, अशा कोंडीत सापडलेली ही माणसे असतात. कधी कधी हा सल्ला वैद्यकीय व्यवसायातील माणसानेच दिलेला असतो, हेही मान्य करायला हवे. पण आजचा मुलगा गोळीवरचे नाव मोबाइलवर टाकून पाहतो आणि एका मिनिटात त्याला सगळे कळते. ज्या दिवशी कळते, त्या दिवसापासून तो आईच्या हातचा चहा पीत नाही. संशय हेच ज्या आजाराचे मुख्य लक्षण असते, त्या आजारात तर त्याच्या संशयाला घरच्यांनी स्वतःच्या हाताने पुरावा दिलेला असतो. पुढे वर्षानुवर्षे लागणाऱ्या उपचारांची दारे तिथेच बंद होतात.

कायदा याबाबतीत आपल्या सवयीच्या बराच पुढे आहे. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचारांना संमती पालकांनी, म्हणजे कायदेशीर नामनिर्देशित प्रतिनिधीने, द्यायची आहे. परंतु आजाराचे स्वरूप, प्रस्तावित उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क रुग्णालाही आहे. मुलाला रुग्णालयात दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यातील एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. घरी वा वस्तीत राहून उपचार करण्याचे पर्याय अपुरे किंवा अयोग्य ठरले आहेत, हे दाखवावे लागते. आणि निर्णय घेताना मुलाची इच्छा कळू शकत असेल तर ती विचारात घ्यावी लागते. दाखल केल्यानंतर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे असते. त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवायचे असते आणि सोबत घरचे माणूस किंवा मदतनीस असावा लागतो. कागदावर हे सारे आहे. केसपेपरवर ‘मुलाचे म्हणणे’ अशी एक ओळही नसते.

विचारणे म्हणजे सगळे मुलावर सोपवणे नव्हे, हेही इथेच स्पष्ट केले पाहिजे. जिवाला धोका असताना औषध सुरू करायचे की नाही, हा पर्याय चौदा वर्षांच्या मुलापुढे ठेवणे ही जबाबदारी टाळण्याची रीत झाली. पण त्याखाली कितीतरी निर्णय असे आहेत, ज्यांत त्याचा शब्द चालू शकतो आणि चालावा. औषध आधी की समुपदेशन आधी? सौम्य नैराश्यात बोलण्याच्या उपचारांनी सुरुवात करणे शास्त्रालाही धरून आहे. गोळी किती वाजता घ्यायची? शाळेत वर्गशिक्षिकेला सांगायचे का, आणि सांगायचे तर किती? पुढच्या वेळी सोबत आई हवी की मामा? आणि समजा दाखल करावेच लागले, मूल ‘नाही’ म्हणत असतानाही करावे लागले, तरी ‘का’ हे त्याला त्याच्या तोंडावर सांगता येते. ‘डोळे तपासायला जाऊ’ म्हणून गाडीत बसवून थेट वॉर्डात आणलेले मूल पुढे डोळे तपासायलाही येत नाही.

आता घरच्यांविषयी. मुलांना आवाज द्या असे म्हणताना पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची एक फॅशन शहरी चर्चांत आली आहे. सरकारी रुग्णालयात येणारा बाप त्या दिवसाची रोजी बुडवून, दोन एसटी बदलून आलेला असतो. रात्री मूल किती वाजता उठून बसले होते, वही का फाडली, कोणत्या नातेवाइकाच्या येण्याने ते गप्प झाले, हे घरच्यांइतके कोणालाच ठाऊक नसते. शिवाय घरात निर्णय घेणारा माणूस ओपीडीत आलेलाच नसतो. आजी म्हणते बाहेरचे काहीतरी आहे, आधी देवाला कौल लावू. काका म्हणतो, मुलीचे लग्न करून टाका, आपोआप ठीक होईल. आईने डॉक्टरांपुढे मान डोलावली तरी घरी गेल्यावर तिचे काही चालत नाही. म्हणून ‘घरात शेवटचा शब्द कोणाचा?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा लागतो आणि त्या माणसाला निरोप पाठवून बोलवावे लागते. आजीला दरडावून काही साधत नाही. तिचा कौल होऊ द्यावा आणि गोळीही चालू राहावी, एवढे तिच्याकडून कबूल करून घेता आले तर पुष्कळ झाले.

आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर कुटुंबाशिवाय पान हलत नाही. गोळ्या कोणाच्या ताब्यात राहतील, शेतीची कीटकनाशके कुलपात कोण ठेवील, रात्री त्याच्या खोलीत कोण झोपेल, हे ठरवायचे असते. ते मुलाच्या माघारी ठरले तर त्याला पहारा वाटतो. त्याच्यासमोर, त्याला विचारून ठरले, तर अनेकदा तेच सांगते की रात्री ताई जवळ असली की बरे वाटते. नैराश्यावरील औषधांनी काही मुलांमध्ये सुरुवातीच्या काळात असे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. हा इशारा मुलाला आणि पालकांना एकत्र बसवून सांगितला, तर पहिले काही आठवडे घर सावध राहते. न सांगता सोडला, तर कोणीतरी तो मोबाइलवर वाचतो आणि औषध परस्पर बंद होते.

गुप्ततेचा प्रश्न यातला सर्वांत अवघड. मूल एकट्याने बोलले तरच खरे सांगते आणि बाहेर बसलेल्या आईला ‘आमच्यापासून काय लपवताय?’ असे वाटते. यावर अनुभवातून घडलेली एक साधी रीत आहे. आधी सगळ्यांशी एकत्र बोलायचे, मग मुलाशी एकट्याने, मग पालकांशी आणि शेवटी पुन्हा सगळे एकत्र. कोणती गोष्ट इथेच राहील आणि कोणती सांगावीच लागेल, हे मुलाला आधी सांगायचे. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावे लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ‘पॉक्सो’ कायद्याने ती पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि त्या कायद्यात अठराखालील मुलांच्या आपसातील संमतीच्या संबंधांनाही सूट नाही. ही मर्यादा नंतर उघड झाली तर मुलाला विश्वासघातच वाटतो. आधी सांगितली तर काही मुले बोलायची थांबतात, हे खरे. तरीही आधीच सांगायला हवी.

मुलांना विचारून उपचार आखण्याचे काम आपल्या जवळच झाले आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने गोवा आणि दिल्लीतील शाळकरी मुलांशी बोलून समस्या सोडवण्याची एक छोटी समुपदेशन पद्धत तयार केली. सोबत चित्रकथांच्या पुस्तिका, आणि समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या व्यक्ती. दिल्लीच्या सरकारी शाळांत तिची चाचणी झाली, तेव्हा ‘तुला सर्वांत जास्त सतावणाऱ्या गोष्टी कोणत्या?’ हे मुलांनाच विचारले गेले आणि त्या किती कमी झाल्या हे मोजले गेले. नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, समुपदेशनही मिळालेल्या मुलांच्या या स्वतः सांगितलेल्या अडचणी सहा आठवड्यांत अधिक कमी झाल्या. लक्षणांच्या प्रश्नावलीत मात्र दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. डॉक्टरांना जे मोजावेसे वाटते आणि मुलाला जे सुटावेसे वाटते, त्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात.

अठराव्या वाढदिवशी चित्र एका दिवसात उलटे होते. त्या दिवसापासून कायदा त्याला स्वतःचा निर्णय घेण्यास सक्षम मानतो. आपला प्रतिनिधी तो स्वतः निवडू शकतो आणि पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत वा नकोत, याचे आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो. कालपर्यंत ज्याला आजाराचे नावही सांगितले नव्हते, त्याच्याकडे आज सगळे सोपवले जाते, तेही नेमके बारावीनंतर घर सोडून वसतिगृहात जाण्याच्या सुमारास. औषधे बंद पडतात ती बहुधा याच टप्प्यावर. पालक फोन करतात तेव्हा ‘मुलाला घेऊन या’ एवढेच उत्तर मिळते. सोळाव्या वर्षापासून थोडे थोडे त्याच्या हाती देत गेले असते, तर अठराव्या वर्षी त्याने स्वतःहून आईचेच नाव प्रतिनिधी म्हणून लिहिले असते, अशी शक्यता बरीच आहे.

यावर वेळ कुठे आहे, हे उत्तर ठरलेले आहे आणि ते खोटे नाही. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आकडा ०.७५ च्या आसपास आहे. पण मुलाशी एकट्याने दहा मिनिटे बोलायला मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका ही पदे आहेत. ती भरलेली असावीत आणि त्या माणसांना नोंदवह्या भरण्यापलीकडे काम मिळावे. बोलायला दार लागेल अशी एक खोली हवी, पडदा पुरत नाही. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक केसपेपरवर छापावा आणि तो मुलालाही द्यावा. आठवड्यातून एक दिवस ओपीडी दुपारनंतर ठेवावी. सकाळच्या ओपीडीसाठी मुलाला शाळा बुडवावी लागते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ‘काल कुठे होतास?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते.