पॅकेजमधली पिठले-भाकरी

पावसाळा लागला की शनिवारी रात्री पुण्या-मुंबईतून बसगाड्या सह्याद्रीकडे निघतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजमाची, हरिहर. एका रकमेत प्रवास, ट्रेक लीडर आणि ‘घरगुती गावरान जेवण’. जाहिरातीत कड्याच्या बरोबरीने ताटाचा फोटो असतो: पिठले, तांदळाची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. वाटाड्याबरोबर डोंगर चढावा आणि वर गरम जेवावे, यात वावगे काहीच नाही. भातशेती उरकल्यावर रोजगारासाठी बाहेर पडणाऱ्या डोंगरी गावाला घरबसल्या चार पैसे देणारा हा धंदा आहे. म्हणूनच तो ज्या वेगाने नासतो आहे, त्याबद्दल आत्ताच ओरडायला हवे.

डोंगरातले मरण दिसते, तेव्हा प्रशासन हलते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि लगोलग जमावबंदीचे आदेश निघाले. बिघडलेले पाणी मात्र दिसत नाही. गडावरची टाकी कातळात खोदलेली, पावसाने भरणारी. शे-दोनशेच्या शिबंदीला वर्षभर पुरावे, असा त्यांचा हिशेब. आज एकेका रात्री त्याहून मोठी गर्दी तंबूत झोपते, त्याच टाक्यांच्या काठावर पातेली घासते आणि सकाळी वरच्या अंगाच्या झुडपांत जाते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही. वरची घाण पहिल्याच सरीबरोबर खाली उतरते. त्याच पाण्यात डाळ शिजते आणि तेच पाणी बाटलीत भरले जाते. रविवारी रात्री घरी परतलेला मंगळवारी पोट धरून डॉक्टरकडे गेला, तर त्याची नोंद डोंगराच्या नावावर होत नाही. पायथ्याच्या पाड्यात पोर जुलाबाने आजारी पडले, तर ती बातमीही नसते.

उन्हाळ्याच्या शेवटी हा पेच आणखी विचित्र होतो. धो धो पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यातल्या अनेक वाड्यांमध्ये एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी ताटकळतात. नेमके मेच्या अखेरीपासून भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीला काजवे पाहायला झुंबड उडते. गावाच्या वाट्याचे उरलेसुरले पाणी पाहुण्यांच्या ताटवाट्या विसळण्यात संपते.

आता पैशाचे. तिकिटाची रक्कम शहरात ठरते आणि शहरातच जमा होते. भाकऱ्या थापणारी बाई त्या व्यवहारात कुठेच नसते. तिला दर ताटामागे किती द्यायचे हे संयोजक सांगतो. परवडत नसेल तर शेजारच्या घरी चूल पेटलेलीच असते. गावातल्या दोन घरांना भावावरून भिडवणे हे या धंद्यातले सगळ्यात किळसवाणे कौशल्य आहे. लीडरचे जेवण फुकट. पन्नास ताटे सांगायची आणि पावसामुळे बॅच रद्द झाली की फोन उचलायचा नाही, अशी तक्रार पायथ्याच्या गावात कोणीही सांगेल. मळलेले पीठ आणि आणलेला भाजीपाला यांचा भुर्दंड कोणाला, हे वेगळे सांगायला नको. ‘स्थानिकांना रोजगार’ हे शब्द मात्र प्रत्येक जाहिरातीत असतात.

एवढे पिळल्यावर ताटात दुसरे काय येणार? अकोले तालुक्याचेच उदाहरण घ्या. १६४६ मीटरचे कळसूबाई याच तालुक्याच्या सीमेवर, हरिश्चंद्रगडही इथलाच. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, त्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात, रायभोग, नाचणी, वरई, पावसातल्या रानभाज्या, डांगी गाईचे दूध, राजूरचे पेढे. एवढे वैभव असलेल्या मुलखात चढणाऱ्याच्या हातात काय येते? मॅगीची वाटी आणि पातळ बेसन, ज्याला पिठले म्हणायचे ते केवळ फोटोच्या भिडेखातर. स्वस्तात शंभर जणांना जेवू घालायचे तर नाचणी दळायला आणि भाजी खुडायला वेळ कोणाला? वेष्टने कारवीच्या जाळीत जातात. आणि हे सारे १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, चुलीला तिथलेच सरपण घालून.

नियम नाहीत असेही नाही. राज्याचे साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आले. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्यातल्या छोट्या व्यावसायिकालाही नोंदणी लागते. पण अंमलबजावणी करायची म्हटली की निरीक्षक पायथ्याच्या टपरीवर धाड घालणार आणि समाजमाध्यमावर जागा विकणारा संयोजक मोकळा राहणार, ही भीती आहेच. जबाबदारी ज्याने पैसे घेतले त्याची असली पाहिजे.

हे वेळेत झाले नाही तर काय होते, ते उत्तराखंडने पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. कुरणांचे हाल पाहता न्यायालयाला दोष देता येणार नाही. पण बुग्यालांतून जाणारी रूपकुंडची वाट ओस पडली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी आपले ट्रेक दुसऱ्या दऱ्यांकडे वळवले. त्या वाटेवरच्या लोहाजंग आणि वाण या गावांतले खेचरवाले, स्वयंपाकी, हमाल यांना डोंगर बदलता येत नव्हता. इकडे जुलै २०२५ मध्ये राजगड, रायगड, साल्हेर, लोहगडासह महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी वाढणारच. सरसकट बंदीचा दिवसही त्याच वाटेने जवळ येईल.

ते टाळायचे हत्यार गावाच्या हाती आहे. अकोल्याचा आदिवासी पट्टा १९९६ च्या पेसा कायद्याखाली येतो. गावच्या बाजाराचे आणि लहान पाणवठ्यांचे व्यवस्थापन तो कायदा स्थानिक पंचायत व्यवस्थेकडे देतो. पायथ्याच्या गावांनी एकत्र बसून ताटाचा एकच दर ठरवावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, एका रात्री किती माणसे वर झोपतील याचा आकडा वन विभागाकडून लेखी मागावा आणि टाक्यांचे पाणी दर महिन्याला तपासून निकाल चावडीवर लावावा. जिल्हा प्रशासनाने त्या ठरावांमागे उभे राहावे. अपघातानंतरच्या आदेशांचे मसुदे त्याच्याकडे तयारच असतात. या ठरावांचा मसुदा करायला पुढच्या काजव्यांच्या गर्दीपर्यंत वेळ आहे.