काका मूर्ख नाहीत

परवा ऑफिसात डबा खाताना कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ लावला. अमेरिकेतली एक आजीबाई, आणि पलीकडे 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' म्हणणारा आपल्याच देशी इंग्रजीतला एक पोरगा. आख्खं टेबल खो खो हसत होतं. "एवढं कसं कळत नाही यार या लोकांना?"

चार महिन्यांपूर्वी मीही हसलो असतो. तेव्हा माझ्या काकांचं प्रकरण झालेलं नव्हतं.

काका बँकेतून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेलं. एके दिवशी प्रिंटर चालेना, म्हणून त्यांनी नेटवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो लावला. पलीकडच्याने 'सर, सर' करत एनीडेस्क टाकायला लावलं, रिमोट घेतला आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. लाल-पिवळ्या खुणांची ही लांबलचक यादी!

आता इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची रोजनिशी. एखादी सर्व्हिस सुरू व्हायला जरा वेळ लागला तरी तिथे नोंद पडते. तुमचा ठणठणीत लॅपटॉप उघडून बघा, एरर सापडतीलच. मग त्याने काळ्या खिडकीत 'असॉक' अशी कमांड मारली. खाली 888डीसीए60 असा काहीतरी सुरू होणारा लांबलचक नंबर आला. "सर, हा तुमचा लायसन्स आयडी. मी आमच्या रेकॉर्डवरून वाचतो, तुम्ही जुळवून बघा." जुळला. जुळणारच, तो नंबर सगळ्यांच्या विंडोजमध्ये तोच असतो!

म्हणजे बघा, स्क्रीनवरचे एरर खरे होते आणि नंबरही खरंच जुळला होता. त्याचा अर्थ तेवढा खोटा होता, आणि तो खोटा आहे हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. 14,999 रुपये गेले, 'पाच वर्षांचं प्रोटेक्शन'.

एवढ्यावर भागलं असतं. पण दहा दिवसांनी त्याच माणसाचा फोन. "कंपनी बंद होतेय सर, रिफंड द्यायचाय." काकांनी नेटबँकिंग उघडलं, स्क्रीन काळी झाली, ओटीपी आला, त्यांनी तो 'रिफंडसाठी' वाचून दाखवला. आणखी 86 हजार. मला कळलं त्यानंतर तीन आठवड्यांनी, तेही काकूकडून.

"काका, पहिल्याच दिवशी मला फोन का नाही केलात?"

"तू हसला असतास."

यावर काय बोलणार? खरं होतं ते. पहिल्या दिवशी कळलं असतं तर एनीडेस्क काढून टाकायला मला पाच मिनिटं लागली नसती, आणि ते 86 हजार वाचले असते. 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. तीन आठवड्यांनी पैसे कुठल्या कुठे पोचलेले असतात.

म्हणून आपल्या या हसण्यावर माझा राग आहे. लोकांना हे असं वागायला शिकवलं कुणी? आपणच! आपल्या ऑफिसचा हेल्पडेस्क काय करतो? अनोळखी माणूस फोन करतो, 'अलाउ दाबा' म्हणतो, आणि आपण दाबतो. काकांचा लॅपटॉप लावून देताना मीच म्हटलं होतं, "जे विचारेल त्याला येस करत जा." खऱ्या कंपन्यांनी आपले फोन नंबर चॅटबॉटच्या मागे असे दडवलेत की माणूस नेटवर शोधणार नाही तर काय करेल? आणि तिथे सगळ्यात वर झळकायला जाहिरातीचे पैसे मोजले की झालं.

फोनच्या पलीकडचा पोरगाही परका नाही. 2016 साली मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी पडल्या, तिथली पोरं अमेरिकन टॅक्स अधिकारी बनून धमकावत होती. 2018 च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून गुरुग्राम आणि नोएडाची सोळा सेंटरं पकडली. त्याला 'काय डोकं लावलंय साल्यांनी' म्हणणारेही आपल्याच टेबलावर बसतात. डोकं कसलं? स्क्रिप्ट वाचायची, म्हाताऱ्या माणसाला घाबरवायचं!

असो. घरी सांगायचं तर एवढंच सांगा. विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. मायक्रोसॉफ्ट आपणहून फोन करून 'तुमच्यात व्हायरस आहे' असं सांगत नाही. स्क्रीनभर भोंगा वाजायला लागला तर ब्राउझर बंद करा, नाहीच झाला तर सरळ पॉवरचं बटण दाबून ठेवा. नंबर हवा असेल तर बिलावरचा किंवा खोक्यावरचा घ्या. रिमोट घेतलेला असताना बँक उघडायची नाही, मग समोर कुणीही असो. आणि फसलात तर मला रात्री दोनलाही फोन करा. हे शेवटचं वाक्य आधी म्हणा, बाकीचं नंतर.

उद्या रविवार. काकांकडे जायचंय, प्रिंटर अजून बंदच आहे.