आधारवर्ष कोण ठरवणार?

भारतीय फुटबॉलचा जन्म केव्हा झाला, हा प्रश्न केवळ आजच्या क्रीडापानांच्या आधारे अभ्यास करणाऱ्या परीक्षार्थ्याला विचारला आणि त्याने १२ ऑक्टोबर २०१४ असे उत्तर दिले, तर त्याला दोष देता येणार नाही. त्या दिवशी इंडियन सुपर लीग सुरू झाली. तेव्हापासून ‘पहिले विजेतेपद’, ‘सर्वाधिक गोल’, ‘सर्वांत यशस्वी क्लब’ या सगळ्या बिरुदांची मोजणी तिथूनच होऊ लागली. त्याआधी या देशात कोणी चेंडूला पाय लावला होता की नाही, याचा पत्ता अशा मजकुरातून लागत नाही.

गोव्यातील जुन्या प्रेक्षकांची तक्रार नेमकी हीच आहे. धेंपो, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांच्या सामन्यांसाठी मडगावच्या फातोर्डा मैदानावर ज्यांनी उन्हापावसात उभे राहून घसा कोरडा केला, ती माणसे आपल्या क्लबच्या कामगिरीचा चुकीचा हिशेब वाचून अस्वस्थ होतात आणि संपादकांना तो दुरुस्त करण्यास सांगतात. क्रीडासंपादकाला हा भाबडा हट्ट वाटतो. वस्तुतः तो हट्ट नसून हिशेबतपासणी आहे, आणि तपासणाऱ्याची बाजू आकड्यांनी भक्कम आहे.

ते आकडे एकदा नीट मांडले पाहिजेत. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. २००७ पासून तिची जागा आय-लीगने घेतली. नवी स्पर्धा अवतरण्यापूर्वी या दोन्ही मिळून अठरा मोसम झाले. त्यांपैकी नऊ मोसमांचे विजेतेपद गोव्याच्या क्लबांनी मिळवले. धेंपोने २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ असे पाच वेळा. साळगावकरने १९९८-९९ व २०१०-११ मध्ये. चर्चिल ब्रदर्सने २००८-०९ व २०१२-१३ मध्ये. २००४ पासून २०१३ पर्यंतच्या सलग नऊ मोसमांत गोव्याबाहेर करंडक गेला तो एकदाच, २००५-०६ मध्ये, आणि तोही मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे. शिवाय धेंपोने २००८ मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली होती. अर्ध्या देशाएवढा पराक्रम एका चिमुकल्या राज्याने केला, आणि तो ‘पूर्वीच्या काळी’ या दोन शब्दांत गुंडाळला जातो! मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये सुपर लीग जिंकली, ही मुंबईच्या फुटबॉलला आनंदाचीच गोष्ट होय. परंतु हे मुंबईला मिळालेले पहिले राष्ट्रीय विजेतेपद, असे जो वाचक समजून बसला असेल, त्याची समजूत पंधरा वर्षांनी चुकलेली आहे.

निर्देशांकाचे शास्त्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रकाराचे मर्म चटकन उमगेल. महागाईचा निर्देशांक काढताना सरकार मधूनमधून आधारवर्ष बदलते. त्यात गैर काही नाही. मात्र प्रामाणिक सांख्यिकीतज्ज्ञ नव्या मालिकेबरोबर एक जोडगुणक देतो, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडून वाचता यावी. तो न देता नुसते वर्ष बदलले, तर कालपर्यंतची दरवाढ एका रात्रीत अदृश्य होते; महागाईभत्त्यावर जगणाऱ्या कामगाराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फुटबॉलच्या क्षेत्रात आधारवर्ष बदलले गेले आणि जोडगुणक मात्र हेतुतः गहाळ करण्यात आला.

हेतुतः असे म्हणण्याचे कारण उघड आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी सातशे कोटी रुपयांचा पंधरा वर्षांचा करार करून आपले व्यापारी हक्क तिच्या हवाली केले. त्या करारातून सुपर लीग जन्मली. तिच्या प्रवर्तकांमध्ये रिलायन्सबरोबर स्टार इंडिया ही प्रक्षेपण कंपनीही होती. म्हणजे जो सामना दाखवणार, त्याचे गुणगान करणार आणि त्याच्या जाहिराती विकणार, तोच त्या स्पर्धेचा भागीदार! नवा माल बाजारात खपवायचा असेल तर तो अभूतपूर्व आहे असे सांगावे लागते, आणि तो अभूतपूर्व ठरावा म्हणून भूतकाळ पुसावा लागतो. जाहिरातदाराने हे केले तर तो त्याचा धंदा झाला. पण वृत्तपत्राने जाहिरातदाराचे पत्रक बातमी म्हणून छापावे, हा कोणता धर्म?

अशी उदाहरणे परदेशातही आहेत. इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग १८८८ मध्ये सुरू झाली आणि १९९२ मध्ये श्रीमंत क्लबांनी तिच्यातून फुटून प्रीमियर लीग काढली. तेव्हापासून तेथेही विक्रमांची मोजणी १९९२ पासून करण्याची खोड जडली आहे. तथापि २०२० मध्ये लिव्हरपूल जिंकले, तेव्हा ही त्यांची पहिली प्रीमियर लीग असली तरी एकोणिसावे अजिंक्यपद आहे, हे तेथील शाळकरी पोरालाही माहीत होते. कारण तेथील प्रेक्षकांनी जुना हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जागता ठेवला. कोलकात्यात मोहन बागानच्या पाठीराख्यांनी २०२० च्या विलीनीकरणानंतर क्लबच्या नावाला चिकटलेली ‘एटीके’ ही अक्षरे काढून टाकण्यासाठी तीन वर्षे रान उठवले, आणि २०२३ मध्ये मालकांना ती काढावी लागली. दुसऱ्याचे यश आपल्या खात्यावर फुकट जमा करून घेण्यासही त्यांनी नकार दिला, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता एक आक्षेप डाव्या बाजूनेच येईल. धेंपो आणि साळगावकर ही खाणमालकांची घराणी, महिंद्र ही तर बडी भांडवलदार कंपनी. त्यांच्या करंडकांसाठी समाजवाद्यांनी अश्रू का ढाळावेत? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण घडले काय ते पाहावे. महिंद्र कंपनीने २०१० मध्ये एका निर्णयासरशी आपला संघ मोडून टाकला. गोव्यात नवा संघ उभा राहिला तेव्हा त्याच्या पहिल्या मालकांत धेंपो व साळगावकर या घराण्यांतीलच माणसे होती. पुढे २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ फेररचनेचा निषेध करीत आय-लीगमधून बाहेर पडले. भांडवल एका दाराने बाहेर पडून दुसऱ्या दाराने आत येऊ शकते. प्रेक्षकाला तशी सोय नसते. त्याची वीस वर्षांची निष्ठा कोणत्याही भागबाजारात विकता येत नाही. करंडक मालकाच्या दिवाणखान्यात असेल, परंतु तो जिंकला गावोगावच्या पोरांच्या पायांनी आणि त्यांना हाक देणाऱ्या सामान्य माणसांनी. श्रमाचे फळ एकदा मालकाने नेले. आता त्या श्रमाची नोंदही नाहीशी व्हावी काय?

नंदुरबार जिल्ह्याच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. तापीकाठी ना मोठे फुटबॉल मैदान, ना नामांकित क्लब. पण दुसऱ्याने लिहिलेल्या हिशेबात आपले खाते कोरे निघणे म्हणजे काय, हे येथील आदिवासींइतके कोणाला कळणार? मोठ्या शहरांतील वृत्तपत्रांना हा जिल्हा आठवतो तो बहुधा कुपोषणाच्या आकड्यांपुरता. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी करून शहादे-तळोद्याच्या शेतमजुरांनी जमीन आणि मजुरीसाठी दिलेला लढा, अंबरसिंग सुरतवंती यांचे नेतृत्व, दारूविरोधात उतरलेल्या आदिवासी स्त्रिया, या गोष्टी त्यांच्या स्मरणात क्वचितच असतात. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला तो काही मंत्रालयात पडलेल्या स्वप्नातून नव्हे; त्यामागच्या दडपणात या मातीचा वाटा होता. तो वाटा गाळून कायद्याची तारीख तेवढी सांगणे हे खोटे बोलणे नसेलही. पण आधारवर्ष सोयीने निवडणे मात्र नक्कीच आहे.

अर्थात ही कसोटी पाठीराख्यांनाही लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयाने आय-लीगचे विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडे आले. जुलैमध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने ते इंटर काशीला द्यावयास लावले. चर्चिलच्या चाहत्याला हे कितीही बोचले तरी त्याने आपल्या क्लबची राष्ट्रीय विजेतेपदे दोनच मोजली पाहिजेत. जो स्वतःच्या वहीत एक आकडा वाढवतो, त्याला दुसऱ्याच्या वहीवर बोट ठेवण्याचा अधिकार उरत नाही.

त्याच जुलै महिन्यात, पंधरा वर्षांच्या कराराच्या नूतनीकरणाचा प्रश्न सुटला नाही म्हणून आयोजक कंपनीने सुपर लीगचा पुढचा मोसमच स्थगित ठेवला. ज्या स्पर्धेपासून इतिहास सुरू झाल्याचे सांगितले जात होते, तिचे आयुष्य एका कराराच्या मुदतीला टांगलेले होते, हे तेव्हा साऱ्यांना दिसले. करार संपतात, कंपन्या जातात. नोंद तेवढी मागे राहते, किंवा राहत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ‘पहिला’ आणि ‘सर्वाधिक’ हे शब्द छापताना कोणत्या वर्षापासून व कोणत्या स्पर्धेत, हे वृत्तपत्रांनी सांगावे. चूक झाली तर ज्या पानावर ती छापली त्याच पानावर दुरुस्ती छापावी. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. तेवढेही जमणार नसेल, तर फातोर्ड्याच्या पायऱ्यांवरील माणसाने पत्रे लिहीत राहावे, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाने त्याच्या बाजूने उभे राहावे. दोघांचीही वही एकाच सावकाराच्या हातात आहे.