ॲबट्सफर्ड : एका आळशी उपमेविरुद्ध

वॉल्टर स्कॉटच्या ॲबट्सफर्ड या घराविषयी लिहिणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचा अग्रणी रस्किन. स्कॉटच्या साहित्यावर निरतिशय लोभ असणाऱ्या या समीक्षकाला स्कॉटचे घर मात्र सहन झाले नाही. मठ, राजवाडा आणि किल्ला यांची उसनवारी करून केलेले ते सोंग आहे, असा या पक्षाचा एकूण सूर. दुसरा पक्ष बचावाचा. तो म्हणतो, हे घर म्हणजे दगडात लिहिलेली कादंबरीच होय; कादंबरीत इतिहासाचे तुकडे जुळवावेत तसे स्कॉटने येथे वास्तूंचे तुकडे जुळवले. साहित्याच्या वर्गात ही उपमा फार सोयीची ठरते. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की स्कॉटचे नाव घेण्याची आपल्याकडेही जुनी रीत आहे, आणि स्कॉटचे नाव निघाले की त्याच्या घराची ही उपमा फार दूर राहत नाही.

माझा आक्षेप दोन्ही पक्षांवर आहे, पण दुसऱ्यावर अधिक. रस्किनने निदान घराला घर मानून नापसंत केले. उपमावाद्यांनी घर पाहिलेच नाही.

पाहायचे तर सुरुवात बुरुजांपासून करून चालणार नाही. स्कॉटने १८११ साली ट्वीड नदीकाठी, मेलरोझ आणि गॅलाशील्स यांच्यामध्ये, सुमारे ११० एकरांची शेती विकत घेतली. तिचे नाव कार्टलीहोल. आसपासचे लोक तिला 'क्लार्टी होल', म्हणजे चिखलाचा खड्डा, म्हणत. नव्या मालकाने मेलरोझच्या मठातील महंत येथे नदी उतरून जात असत या समजुतीचा आधार घेऊन तिचे नामकरण केले 'ॲबट्सफर्ड', महंतांचा उतार. एकही दगड रचण्यापूर्वी झालेले हे पहिले बांधकाम. पुढे १८१७ मध्ये शेजारची टॉफ्टफील्ड ही शेती दहा हजार पौंडांना घेतली, तेव्हा तिथल्या घरालाही लोककथेतल्या परीराणीच्या स्थळाशी नाते सांगणारे 'हंटलीबर्न' हे नाव मिळाले. अशी शेते जोडत जोडत मालमत्ता सुमारे १४०० एकरांवर गेली.

१८१२ च्या मे महिन्यात स्कॉटचे कुटुंब कार्टलीहोलच्या लहानशा शेतघरात राहायला आले. १८१७ ते १८१९ या काळात विल्यम ॲटकिन्सन या वास्तुविशारदाच्या आराखड्यांनुसार, एडवर्ड ब्लोरच्या रेखाटनांचीही मदत घेऊन, त्या शेतघराला लागूनच नवी इमारत उठली : भोजनगृह, शस्त्रदालन, अभ्यासिका. काही वर्षे शेतघर आणि किल्ला असे एकमेकांना खेटून उभे होते. १८२२ मध्ये शेतघर पाडण्यात आले आणि त्याच्या जागी प्रवेशदालन, ग्रंथालय व दिवाणखाना असलेला मुख्य भाग उभा राहिला. बांधणारे होते शेजारच्या डार्निक गावचे स्मिथ गवंडी. एडिंबरोचा रंगारी डी. आर. हे याने प्लास्टरची छते लाकडासारखी रंगवली. जुन्या लाकडाच्या या देखाव्याखाली गॅसचे दिवे जळत होते.

बहुतेक वर्णनांत १८२२ ची ही पाडापाडी अर्ध्या वाक्यात उरकते. मला ती या वास्तूच्या इतिहासातली मध्यवर्ती घटना वाटते. डन्फर्मलिनच्या जुन्या चर्चमधले कोरीव लाकूड या घरात आले, लिन्लिथगो राजवाड्याच्या द्वारमंडपाची नक्कल आली, रॉसलिन चॅपेलच्या नक्षीचे ठसे आले. दूरचे सारे जुने येथे जपले गेले. जागेवरचे जुने तेवढे गेले. जतनाचा हा निवाडा कोणत्या निकषावर झाला, हे विचारणे वास्तुइतिहासाचे काम आहे. 'दगडातली कादंबरी' म्हटले की ते विचारायचे राहून जाते.

आता कादंबरीकडे येऊ, कारण या उपमेने खरा अन्याय तिच्यावरच होतो. एडिंबरोचा टोलबूथ तुरुंग १८१७ मध्ये पाडला गेला. त्याचे दार स्कॉटने मागून आणले आणि आपल्या घराच्या भिंतीत बसवले. त्याच तुरुंगाभोवती रचलेली 'द हार्ट ऑफ मिडलोदियन' १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीत त्या दारापाशी १७३६ च्या दंग्यातला जमाव आहे, आत बालहत्येचा आरोप असलेली एफी आहे, आणि तिच्यासाठी लंडनपर्यंत पायपीट करणारी तिची बहीण जीनी डीन्स आहे, एका साध्या गवळ्याची मुलगी. घराच्या भिंतीत तेच दार शोभेची वस्तू झाले आहे. स्कॉट कादंबरीकार म्हणून गोठ्यातल्या मुलीला राणीसमोर उभी करून बोलायला लावतो. घरमालक म्हणून तो आपल्या जमिनीवरचे शेतघर पाडतो. या दोन कृती एकाच कल्पनाशक्तीचे दोन आविष्कार आहेत असे म्हणणे म्हणजे कादंबरी नीट न वाचणे होय.

घराचे आणि कादंबऱ्यांचे खरे नाते हिशेबाच्या वहीत आहे. १८२५ मध्ये थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी स्कॉटने ही मालमत्ता त्याच्या नावे करून दिली आणि स्वतःकडे हयातीपुरता उपभोगाचा हक्क ठेवला. १८२६ मध्ये प्रकाशक कॉन्स्टेबल आणि मुद्रक बॅलंटाइन बुडाले, स्कॉटवर सुमारे एक लाख वीस हजार पौंडांचा बोजा आला. त्या करारामुळे धनकोंना ॲबट्सफर्डला सहज हात लावता येईना. एडिंबरोतले घर विकावे लागले. ॲबट्सफर्ड राहिले, आणि तारण पडली ती लेखणी. १८३२ मध्ये मरेपर्यंत स्कॉट कर्ज फेडण्यासाठी लिहीत होता. त्या अखेरच्या वर्षांतल्या लेखनाचा दर्जा का घसरला याची चर्चा करणाऱ्याने ही भिंत पाहिलीच पाहिजे.

कोणी म्हणेल, स्कॉट दयाळू जमीनदार होता. त्याने हजारो झाडे लावली, पडत्या काळात मजुरांना काम दिले, चोरटी शिकार करताना सापडलेल्या टॉम पर्डीला आपल्या शेतीचा कारभारी केले. हे सारे मान्य आहे. पण मग त्या मजुरीला, त्या झाडांना आणि त्या पर्डीला घराच्या इतिहासात जागा द्या. छताच्या नक्षीवर चार पाने आणि पर्डीवर एक गमतीदार किस्सा, ही वाटणी बदलायला हवी.

व्हिक्टोरियन काळात श्रीमंतांनी बुरूजवाल्या हवेल्यांची जी स्कॉटिश शैली उचलली, तिच्या उगमापाशी ॲबट्सफर्ड उभे आहे. १८३३ पासून लोक ते पाहायला येत आहेत. २०१३ मधल्या डागडुजीनंतरही येतात. त्यांनी जरूर यावे. मात्र आपल्या विद्यार्थ्यांना हे घर शिकवताना पहिला प्रश्न प्रवेशदालनाच्या ढालींविषयी नसावा. त्या दालनाच्या जागी १८२२ पर्यंत काय उभे होते, हा असावा.